जुने फोटो लाल का पडतात?

जवळा बाजारला शेजारच्या काकूंनी लग्नाचा अल्बम स्कॅन करायला दिला. फोटो नव्वदच्या दशकातले. नवरदेवापासून मांडवापर्यंत सगळं लालसर!

रंगीत फोटोत सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या रंगद्रव्यांचे थर असतात. अल्बममध्ये बंद राहिलेल्या जुन्या प्रिंटमधला सायन बहुधा आधी उडतो, म्हणून लाली उरते.

निगेटिव्ह सापडली तर तीच स्कॅन करा. ती नारिंगी दिसते, पण तो दोष नाही. रंगद्रव्यांमधली अशुद्धता भरून काढायला कंपनीनेच दिलेला तो मास्क असतो. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीचा रंग सॉफ्टवेअरला दाखवला की नारिंगीपणा वजा होतो.

पुढचं काम गिंपमध्ये. फुकट आहे. ‘लेव्हल्स’ उघडून लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनल घ्या आणि आलेखाची दोन्ही टोकं जिथे माहिती सुरू होते तिथवर सरकवा. निम्मी लाली इथेच जाते.

‘लेव्हल्स’मधला करडा ड्रॉपर मात्र धोतर-टोपीवर टेकवू नका. आपल्याकडचे पांढरे कपडे निळीत बुडवलेले. ते करडे धरले की चेहरे पिवळे पडतात. त्यापेक्षा सिमेंटचा ओटा बघा.

आणि हळदीच्या फोटोत ‘ऑटो’ला हातच लावू नका, ते हळदच पुसायला बघतं! बल्बखालचा थोडा पिवळेपणाही मी राहू देतो.

मूळ स्कॅन टिफमध्ये वेगळा जपा. काही अडलं तर कमेंटमध्ये फोटो टाका, बघू.