मेनिस्कस : एक शब्द, चार कोरी

मोजपात्रातील पाणी मोजताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो, 'मेनिस्कसचा खालचा भाग वाचा.' प्रकाशाच्या पुस्तकांत मेनिस्कस भिंग भेटते. आणि वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर एखाद्या खेळाडूच्या गुडघ्यातील मेनिस्कस फाटल्याची बातमी येते. पाणी, काच आणि गुडघा यांचा एकमेकांशी काय संबंध?

संबंध फक्त आकाराचा आहे. ग्रीक भाषेत 'मेने' म्हणजे चंद्र आणि 'मेनिस्कोस' म्हणजे छोटा चंद्र, म्हणजेच चंद्रकोर. या शब्दाचा भूमितीतील वापर फार जुना. इ.स.पू. पाचव्या शतकात किऑस बेटावरील हिपोक्रेटिसने (प्रसिद्ध वैद्य हिपोक्रेटिस वेगळा) अशा कोरींची क्षेत्रफळे काढली. समद्विभुज काटकोन त्रिकोण घ्या. काटकोनाचा शिरोबिंदू केंद्र मानून उरलेल्या दोन शिरोबिंदूंमधून जाणारा कंस काढा. मग कर्णावर, बाहेरच्या बाजूस, अर्धवर्तुळ काढा. अर्धवर्तुळ आणि कंस यांच्यामध्ये उरलेल्या कोरीचे क्षेत्रफळ बरोबर मूळ त्रिकोणाएवढे असते! दोन्ही कडा वर्तुळाच्या, पण उत्तरात 'पाय' ही संख्या येतच नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे जरूर पडताळून पाहू द्या.

आता मोजपात्राकडे वळू. पाण्याच्या रेणूंना स्वच्छ काचेची ओढ जास्त असते, त्यामुळे पाणी कडेला काचेवर चढते आणि पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. पाऱ्याच्या अणूंना मात्र एकमेकांचीच ओढ अधिक असते, म्हणून त्याचा पृष्ठभाग मध्ये फुगीर होतो. पाण्यासाठी कोरीचा तळ वाचावा आणि पाऱ्यासाठी माथा, तो यामुळेच. ही ओढ किरकोळ नव्हे. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर वर चढते, तर पारा सुमारे १ सेंटिमीटर खाली दबतो. वाचताना डोळा कोरीच्या पातळीत हवा. डोळा वर राहिला तर मोजपात्रावर माप जास्त दिसते. ब्युरेटवरील आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणून तेथे तेच माप कमी दिसते.

भिंगाची एक बाजू फुगीर आणि दुसरी खोलगट असली की त्याचा छेद कोरीसारखा दिसतो. मध्ये जाड असेल तर ते प्रकाशकिरण एकत्र आणते, मध्ये पातळ असेल तर ते किरण फाकवते. विल्यम वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०४ मध्ये चष्म्यासाठी अशा भिंगांचा पुरस्कार केला. चष्म्यामागे डोळा इकडेतिकडे फिरतो. भिंग डोळ्याभोवती वळलेले असेल तर कडेने पाहतानाही प्रतिमा बऱ्यापैकी स्पष्ट राहते. वर्गातील कोणाचाही चष्मा हाती घेऊन पहा, बहुधा मेनिस्कसच सापडेल.

शेवटची कोर गुडघ्यातील. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये, प्रत्येक गुडघ्यात, कूर्चेच्या दोन कोरी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना जुन्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष मानणारे शरीररचनातज्ज्ञ होते. फाटलेली कोर पूर्णपणे काढून टाकण्याची पद्धत पुढे दीर्घकाळ चालली. एडिंबरा येथील शल्यविशारद थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्येच अशी कोर शिवली होती, पण तो मार्ग रूढ झाला नाही. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने कोर काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांत सांध्याचे बदल दाखवून दिले. या कोरी शरीराचा भार सांध्यात पसरवतात आणि धक्के सोसतात, हे आता पक्के झाले आहे. प्रौढ माणसात कोरीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. त्यामुळे आतील भाग फाटला तर तो सहसा आपणहून भरून येत नाही. म्हणून आज जमेल तेथे कोर शिवतात, नाहीतर फाटलेला तेवढाच भाग काढतात.

यातून आपण शिक्षकांनी काय घ्यावे? नाव आकार सांगते, काम सांगत नाही. म्हणून फळ्यावर आधी चंद्रकोर काढावी, शब्दाचा अर्थ सांगावा आणि मग प्रत्येक ठिकाणी विचारावे, 'ही कोर येथे काय करते?' गुडघ्याच्या बाबतीत हा प्रश्न नीट विचारायला उशीर झाला, आणि त्याची किंमत रुग्णांच्या सांध्यांनी मोजली.