नवी वस्तु, नवा व्यवसाय

भीमेकांठच्या वडगांव रासाईच्या तरुणास आज रांजणगांव वा कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती फार दूर नाहींत. परंतु कारखान्यांतील यंत्र चालविणें निराळें आणि जगाच्या बाजारांत टिकेल अशी नवी वस्तु निर्माण करणें निराळें. या दुसऱ्या व्यवसायांत ज्यास शिरावयाचें आहे, त्यानें लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण ध्यानीं घ्यावें.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंतील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगांवीं आले. तेथें सायकलींचें दुकान होतें. पुढें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर घडविला. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी तेव्हां शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानाच्या अधिपतींनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. नांगरामागून पंप आले, एंजिनें आलीं, आणि माल परदेशींही गेला.

यांतून काय शिकावें? एक नमुना करणें सोपें. शंभरावा नग पहिल्यासारखाच उतरणें कठीण. मापें, धातु व ओतकाम यांत एकसारखेपणा असेल, तरच तुटलेला भाग दूरच्या गांवींही बदलून बसवितां येतो. माती बदलली कीं फाळाची घडणही बदलावी लागते. देश बदलला तर तसेंच समजावें. म्हणून वापरणाराची तक्रार ऐकावी, आणि पहिलें गिऱ्हाईक मिळेपर्यंत पोटाची सोय ठेवावी. शोधाचा आरंभ मात्र दूर नाहीं. उंसाच्या सरींत रोज कोठें अडतें, तें प्रथम पहावें.