वस्तऱ्यास परवाना कोण देतो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत एक पालक माझ्या घरीं आले. त्यांच्या हातांत कांचेच्या चौकटींत बसविलेलें एक प्रमाणपत्र होतें. त्यांची कन्या आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तिनें एका मोठ्या शहरांतील खाजगी वर्गांत तीन महिने केशरचना व सौंदर्यप्रसाधन यांचें शिक्षण घेतलें होतें. फीचे पैसे घरच्यांनीं मिरचीच्या हंगामांतून बाजूस काढले होते. "गुरुजी, हा परवाना मिळाला. आतां पोरीनें दुकान घालावयास हरकत नाहीं ना?" असें त्यांनीं मोठ्या आशेनें विचारलें. मीं तो कागद दोनदां वाचला. त्यावर सोनेरी अक्षरें होतीं, शिक्का होता, सही होती. परंतु ज्यानें तो दिला त्यास तो देण्याचा अधिकार कोणी दिला, ह्याचा मात्र त्यांत कोठेंहि उल्लेख नव्हता. "भाऊ, हा परवाना नव्हे," एवढें सांगणें मला त्या दिवशीं फार जड गेलें.

असा प्रसंग आपल्यापैकीं दुसऱ्या कोणावर येऊं नये, म्हणून ह्या धंद्यांतील परवानगी म्हणजे नेमकें काय, हें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, 'परवाना' ह्या एका शब्दाखालीं आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतों. एक, हातास येत असलेल्या कौशल्याचें प्रमाण. दुसरी, दुकानाची सरकारदरबारीं नोंद. आणि तिसरी, हें काम ह्या माणसानें करावें अशी समाजाची मान्यता. ह्या तिन्ही गोष्टी देणारे निरनिराळे आहेत, आणि एकीनें दुसरीचें काम भागत नाहीं.

कांहीं देशांत पहिली गोष्टच कायद्यानें सक्तीची केलेली आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानानें १८९७ सालीं केशकर्तन करणाऱ्यांस परवाना घेणें भाग पाडणारा कायदा केला. त्या देशांत अशा प्रकारचा तो पहिला होय. कॅलिफोर्नियांत आज ह्या धंद्याचा पूर्ण परवाना मिळण्यास १,००० तासांचें शिक्षण लागतें. २०२२ पूर्वीं तें १,६०० तास होतें. उलट ब्रिटनमध्यें १९६४ सालीं केशकारांच्या नोंदणीचा कायदा झाला खरा, पण तींत नांव घालावें कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या खुशीवर ठेविलें. आपल्या देशांत केस कापणाऱ्या किंवा चेहऱ्यास लेप लावणाऱ्या प्रत्येक व्यक्तीनें अमुक परीक्षा दिलीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाहीं. आपल्याकडील कायदा विचारतो तो दुकानाविषयीं, हाताविषयीं नव्हे.

मग शिक्षणाचें प्रमाणपत्र कशास हवें, असें कोणी विचारील. ह्याचें उत्तर पुढें येईल. आधीं तें कोठें मिळतें तें पाहूं. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांस आपण सर्व आयटीआय म्हणतों, त्यांत 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' नांवाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींस त्यास प्रवेश मागतां येतो. त्वचेची व केसांची निगा, केस कापणें व रंगविणें, रंगभूषा, हातापायांची निगा आणि हत्यारांची स्वच्छता हे विषय त्यांत प्रत्यक्ष करवून शिकवितात. वर्षाच्या शेवटीं अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते, आणि उत्तीर्ण होणारास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें. तें महाराष्ट्रांत जसें चालतें तसेंच गुजरातेंतहि चालतें. आपल्या जिल्ह्याची सीमा सुरतेच्या वाटेवर असल्यानें, आणि आपलीं कितीतरी माणसें पोटासाठीं तिकडे जात असल्यानें, ही गोष्ट लहान समजूं नये. मात्र प्रत्येक संस्थेंत प्रत्येक व्यवसाय शिकवितात असें नाहीं. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरतांना जवळची कोणती संस्था हा व्यवसाय शिकविते, हें यादींत पाहून घ्यावें.

खाजगी वर्ग सर्वच वाईट असतात असें माझें म्हणणें नाहीं. कांहीं ठिकाणीं शिक्षण उत्तम मिळतें. परंतु पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं चार प्रश्न अवश्य विचारावे. प्रमाणपत्र कोण देणार, हा वर्ग स्वतः कीं सरकारमान्य संस्था? हा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यांत बसविलेला आहे काय, व कोणत्या पातळीवर? परीक्षा शिकविणाराच घेतो, कीं बाहेरचा परीक्षक येतो? आणि शिकणाऱ्याच्या हातून प्रत्यक्ष माणसांवर किती काम करून घेतात? ह्या प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळालीं तर फी भरावी. "ते आम्ही मागाहून पाहूं" असें उत्तर आलें, तर पैसे खिशांतच ठेवावे.

आतां दुकानाकडे वळूं. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखालीं दुकानाची नोंद करीत, आणि त्या कागदास लोक 'गुमास्ता' म्हणत; तो शब्द अजूनहि तोंडांत आहे. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रांत त्याच्या जागीं नवा अधिनियम लागू झाला. त्याखालीं थोडीं माणसें कामास असलेल्या लहान दुकानास नोंदणीच्या दाखल्याची गरज उरली नाहीं. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आंत अधिकाऱ्यांस संगणकावरून तशी सूचना दिली म्हणजे पुरे. म्हणजे एक खुर्ची व एक आरसा मांडून बसणाऱ्या मुलीस मध्यस्थास मोठी रक्कम देऊन 'लायसन' काढविण्याचें कांहीं कारण नाहीं. ह्याशिवाय १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी करून ठेवावी. तिला शुल्क नाहीं, आणि बँकेकडे कर्ज मागतांना ती उपयोगी पडते. नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची कांहीं परवानगी लागते काय, हें मात्र स्वतः त्या कार्यालयांत जाऊन विचारावें. ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

ज्यांच्या घरीं हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांच्यासाठीं आणखी एक वाट आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना सुरू केली. तींतील १८ व्यवसायांत नाभिकांचा व्यवसाय आहे. ग्रामपंचायतीनें किंवा नगरपालिकेनें पडताळणी केल्यावर, आणि जिल्ह्याच्या व त्यावरील समितीची संमति मिळाल्यावर, कारागिरास प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतें; कांहीं दिवसांचें शिक्षण मिळतें व त्या काळांत दररोज ५०० रुपये विद्यावेतन मिळतें; हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारणावांचून प्रथम एक लाख व तें फेडल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानें मिळूं शकतें. वय १८ वर्षें पूर्ण असावें लागतें, आणि एका कुटुंबांतील एकालाच हा लाभ घेतां येतो. जो वडिलांच्या हाताखालीं शिकला, त्याच्या हातांतील विद्येसहि आतां कागदाचा आधार मिळूं शकतो, हें ह्या योजनेचें मोल आहे.

आतां मघांच्या प्रश्नाकडे येतों. कायदा हातास परीक्षा लावीत नाहीं, मग शिकावें कशास? ह्याचें कारण असें कीं, गिऱ्हाईक डोळे मिटून आपली मान आपल्यापुढें करतें. वस्तऱ्याचें पातें एकाच्या गालावर किंचित् लागलें आणि तेंच दुसऱ्याच्या गालावर फिरलें, तर काविळीचा 'हिपॅटायटिस बी' हा रोग एकापासून दुसऱ्यास होऊं शकतो. त्याचे जंतु शरीराबाहेर वाळलेल्या रक्तांतहि निदान सात दिवस जिवंत राहूं शकतात. पातें पाण्यांत बुडवून फडक्यानें पुसलें म्हणजे तें स्वच्छ झालें, असें मानणारा मनुष्य दुष्ट नसतो. तो फक्त शिकलेला नसतो. प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पातें, हा नियम त्यासाठींच आहे. तसेंच केसांच्या काळ्या रंगांत बहुधा असलेलें एक रसायन कित्येकांच्या त्वचेस सोसत नाहीं. चेहरा सुजतो, डोळे मिटतात. म्हणून रंगाचा एक ठिपका कानामागें लावून ४८ तास वाट पाहावी, असें शिक्षणांत सांगतात. लग्नाच्या घाईंत नवरी "आजच लावा" म्हणते, तेव्हां तिला "नाहीं" म्हणण्याचें धैर्यहि शिक्षणांतूनच येतें. जेथें कायद्याचा डोळा नाहीं, तेथें स्वतःचें ज्ञान व स्वतःची सचोटी हाच पहारेकरी.

राहिली तिसरी मान्यता, आणि तीच सर्वांत दुर्लभ. ज्या हातांवांचून कोणाचें चालत नाहीं, त्यांस आपल्या समाजानें फार काळ खालीं बसविलें. तरी त्याच हातांनीं समाजास शिकविल्याचें उदाहरण आहे. १८९० सालीं मुंबईंत शेंकडों नाभिक एकत्र जमले आणि विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यांत पुढाकार होता. स्वतःची मजुरी बुडवून त्यांनीं एका क्रूर चालीस नकार दिला.

स्त्रियांची अडचण याहून निराळी. कोल्हापूर जिल्ह्यांतील गडहिंग्लज तालुक्यांत हासूर सासगिरी नांवाचें गांव आहे. तेथील शांताबाई यादव यांचे पति १९८४ सालीं वारले. पदरीं चार लहान मुली होत्या. हरिभाऊ कडूकर यांच्या प्रोत्साहनानें त्यांनीं पतीचा वस्तरा हातीं घेतला आणि गांवच्या पुरुषांच्या दाढ्या करूं लागल्या. लोक हंसले, पण शांताबाईंनीं काम सोडलें नाहीं. त्यावरच त्यांनीं मुलींस वाढविलें. त्यांच्या हातीं कोणतेंहि प्रमाणपत्र नव्हतें. गांवाची मान्यता त्यांनीं रोजच्या कामानें मिळविली.

मुंबईच्या चित्रपटसृष्टींत हीच अडचण लेखी नियमाच्या रूपानें उभी होती. तेथें संघटनेच्या कार्डावांचून काम मिळणें कठीण; आणि रंगभूषेचें कार्ड पुरुषांस, स्त्रियांस मात्र केवळ केशरचनेचें, अशी वहिवाट अनेक दशकें चालू होती. चारू खुराना यांनीं परदेशांत शिक्षण घेतलें होतें, तरी त्यांस रंगभूषाकार म्हणून कार्ड नाकारण्यांत आलें. त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं न्या. दीपक मिश्रा व न्या. उदय लळीत यांनीं हा नियम घटनेच्या विरुद्ध ठरविला. महाराष्ट्रांत पांच वर्षें राहिलें पाहिजे ही अटहि त्याबरोबर गेली. ज्याच्या अंगीं विद्या आहे त्यास केवळ स्त्री म्हणून दारांत अडवितां येणार नाहीं, हें त्या दिवशीं ठरलें.

पालकहो, ज्या मुलीस ह्या विद्येची आवड आहे तिला "हें काय आपलें काम?" म्हणून गप्प बसवूं नका. आणि मुलामुलींनो, झटपट मिळणाऱ्या सोनेरी कागदास भुलूं नका. जें वर्ष शिकण्यांत जातें तें वायां जात नाहीं.

ज्या मुलीविषयीं मीं आरंभीं लिहिलें, तिनें आतां आयटीआयच्या प्रवेशासाठीं अर्ज भरला आहे. अर्ज भरतांना ती म्हणाली, "गुरुजी, तीन महिन्यांत मला केंस कापावयास शिकविलें; पण पातें कसें स्वच्छ करावें तें कोणीं सांगितलेंच नाहीं." तिच्या वडिलांनीं तें ऐकलें, आणि ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं खिशांतून प्रवेशाचे पैसे काढून टेबलावर ठेविले.