शाही कोणाची?

कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक सातवाहनकालीन आज्ञालेख 'मामाळ' येथील अमात्याला उद्देशून आहे. मामाळ म्हणजे आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. भिक्षुसंघाला गाव दिल्याची आज्ञा ज्याला कळवायची तो हा अमात्य, म्हणजे प्रदेशाचा कारभार पाहणारा अधिकारी. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याच सुमारास दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला. शब्द कार्ल्याचाच, पण हा अमात्य साऱ्या राज्याचा जमाखर्च पाहणारा प्रधान होता. राज्यकारभाराचे आपले शब्द असेच आहेत. सत्ता कोणाच्या हाती आहे एवढे ते चोख सांगतात. ती कोणत्या रीतीने चालते, याबाबत मात्र मौन पाळतात.

मावळातल्याच तळेगाव दाभाडे या गावाच्या नावात याचा पुरावा आहे. १७१७ साली खंडेराव दाभाडे शाहूमहाराजांचे सेनापती झाले. नेमणुकीचे हे पद पुढे मुलाकडे गेले, नातवाकडे गेले, म्हणजे जवळजवळ वतनच झाले. १७३१ साली डभईला खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव बाजीराव पेशव्याशी लढताना पडले. एकाच छत्रपतींचा सेनापती आणि त्यांचाच मुख्य प्रधान समोरासमोर उभे ठाकले, तरी दोघांची पदनामे तीच राहिली. कोशाने 'पेशवा' काढून 'प्रधान' आणला होता. लोकांनी त्या राजवटीला नाव दिले ते 'पेशवाई'. प्रधानाआधीचे 'पंत' तर इतके चिवट निघाले की हिंदीत प्रधानमंत्री असलेली व्यक्ती मराठीत आजही पंतप्रधान आहे. लोकशाहीतल्या सर्वोच्च कार्यकारी पदावर ही जुनी पगडी का, असे कोणी विचारीत नाही.

यावर कोणी म्हणेल की व्युत्पत्तीने अर्थ बांधला जात नाही. 'लोकशाही' उच्चारताना त्यातला फारसी 'शहा' कोणाला आठवतो? हे खरे आहे. पण या शब्दाचे सोबती पाहा: आदिलशाही, हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही. बहुतेकांतले पहिले पद सत्तेच्या धन्याचे नाव सांगते. हिंदीतला 'लोकतंत्र' निदान यंत्रणेकडे बोट दाखवतो. आपल्याला तेवढ्यासाठी 'संसदीय' किंवा 'अध्यक्षीय' असे विशेषण जोडावे लागते. दुसरा आक्षेप 'प्रजासत्ताक'चा. तो शब्द तरी नेमका आहे ना? आहे, पण राष्ट्रप्रमुख वंशपरंपरेने येत नाही इतकेच तो सांगतो. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. औंध संस्थानात १९३९ साली राजा गादीवर असतानाच गावपंचायतींच्या पायावर स्वराज्याची घटना अमलात आली. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणाऱ्याला औंधाचे काय करावे ते कळणार नाही. 'शाही' शब्द टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. सत्ता कोणाची, हा प्रश्न तो शब्द स्वतःच विचारतो, आणि हे त्याचे बळ आहे. दोष आपला, कारण पहिले पद ऐकूनच आपण समाधान मानतो.

हीच गोष्ट मावळातल्या लोणावळ्यात रोजच्या व्यवहारात दिसते. लोक 'नगरपालिका' म्हणतात, १९६५चा कायदा 'नगरपरिषद' म्हणतो. नगराध्यक्ष निवडून आलेला असतो, मुख्याधिकारी राज्य शासनाने नेमलेला. नावांवरून दोघांत वरचा कोण हे कळत नाही, आणि तक्रार घेऊन जाणाऱ्या नागरिकाला तेच कळायला हवे असते. खेड्यात वतनदार पाटील कायद्याने गेला, 'पोलीस पाटील' हे नेमणुकीचे पद उरले. नाव ऐकून मात्र जुना दरारा आठवतो. सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लांबली की तिथे प्रशासक बसतो. वर्तमानपत्रे या काळाला 'प्रशासकराज' म्हणतात, आणि या शब्दापुरते पहिले पद अगदी बरोबर आहे.