बालरुग्णांची शिरानलिका आणि संसर्ग-नियंत्रण

चेन्नईतील जॉर्ज टाउन ही जुनी व्यापारी वस्ती सरकारी आरोग्यसेवेच्या दीर्घ परंपरेची शेजारीण आहे. तिच्या उत्तरेस स्टॅन्ली रुग्णालय, तर नजीकच्या पार्क टाउनमध्ये राजीव गांधी सरकारी सर्वसाधारण रुग्णालय आहे. या दुसऱ्या रुग्णालयाचा उगम १६६४ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात सुरू झालेल्या इस्पितळात आढळतो. त्या काळी रुग्णाला खाट व औषध मिळणे हीच मोठी गोष्ट होती. आज देशातील सर्वच मोठ्या रुग्णालयांपुढे आणखी एक प्रश्न उभा आहे : मूळ आजारातून वाचणाऱ्या बालकाला रुग्णालयातच नवा संसर्ग होऊ नये, यासाठी काय करावे?

नलिका कशासाठी?

मान, छाती किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून हृदयाजवळच्या रक्तवाहिनीपर्यंत नेलेल्या नळीस 'सेंट्रल लाइन' म्हणतात. अत्यवस्थ बालकाला तीव्र औषधे, शिरेवाटे पोषण किंवा कर्करोगाचे उपचार देण्यासाठी ती आवश्यक ठरते. मात्र जी वाट औषधाला खुली होते, तीच जंतूंनाही खुली होते. त्वचेवरील जंतू नळीच्या बाहेरील बाजूने आत सरकतात किंवा वारंवार हाताळल्या जाणाऱ्या जोडतोंडातून प्रवेश करतात. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करतात. या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव कमी पडत असल्याने अनेकदा नळीच काढावी लागते. बालकांच्या शिरा बारीक असल्याने दुसरी जागा सहज मिळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांमध्ये तर त्वचा व प्रतिकारशक्ती दोन्ही अपरिपक्व असतात.

मोजमाप

या संसर्गाचा दर दर हजार 'नलिका-दिवसां'मागे मोजतात. समजा, एका विभागात ३० दिवस रोज ६ बालकांना नळी होती, तर १८० नलिका-दिवस झाले. त्या काळात २ संसर्ग आढळल्यास दर सुमारे ११.१ येतो. केवळ रुग्णसंख्या मोजली असती, तर नळी किती काळ राहिली हे लक्षात आले नसते.

भारतातील २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांतील पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नवजात अतिदक्षता विभागांतील दर हजार नलिका-दिवसांमागे २० हून अधिक, म्हणजे सर्वांत जास्त आढळला. रक्तातील संसर्गास कारण ठरलेल्या क्लेबसिएला जंतूंपैकी ७२ टक्के कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. म्हणजेच संसर्ग झाल्यावर उपचाराचे पर्याय मोजकेच उरतात. म्हणूनच प्रतिबंधाचे मोल अधिक आहे.

उपाय

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी पाच नियम पाळले : हात धुणे, नळी घालताना निर्जंतुक आवरणे वापरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेची जागा टाळणे आणि अनावश्यक नळी त्वरित काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी दर ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला. बालकांच्या २९ अतिदक्षता विभागांतील २०१० च्या अभ्यासाने आणखी एक धडा दिला. मुलांमध्ये नळी घालण्याच्या क्षणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, नंतरची रोजची निगा निर्णायक ठरते. जोडतोंड प्रत्येक वेळी जंतुनाशकाने घासणे, ओली वा सुटलेली पट्टी लगेच बदलणे आणि नळीची गरज रोज तपासणे ही कामे मुख्यतः परिचारिकांच्या हातून होतात. क्लोरहेक्सिडीनने लहान अर्भकांची नाजूक त्वचा भाजण्याचा धोका असल्याने तेथे विशेष सावधगिरी लागते.

धोरणात्मक बाजू

या प्रश्नाशी चेन्नईचे वेगळे नाते आहे. अनेक प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या एनडीएम-१ विषयीच्या २०१० च्या बहुचर्चित शोधनिबंधात चेन्नईतील नमुने होते. २०१२ मध्ये येथेच वैद्यकीय संघटनांनी 'चेन्नई जाहीरनामा' मांडला. पुढे केंद्र सरकारने २०१५ मध्ये 'कायाकल्प' योजना, २०१७ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा आणि २०२० मध्ये संसर्ग-नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आणली.

या तत्त्वांचे यश अखेर खाटेपाशी ठरते. एका परिचारिकेकडे अनेक अत्यवस्थ बालके असतील, तर प्रत्येक वेळी हात धुण्याचा नियम कागदावरच राहण्याचा संभव असतो. पुरेसे मनुष्यबळ, पाणी, निर्जंतुक साहित्य आणि प्रामाणिक नोंदी यांवरील खर्च हा बालकाच्या जीविताच्या रक्षणावरील खर्च आहे.