अंघोळ? नको रे बाबा!

रविवारची सकाळ. तुम्ही बादली भरता आणि तुमचा लाडका डॉगी दिवाणाखाली गायब! आमचा मोत्याही शाम्पूची बाटली दिसली की पसार होतो. हा नुसता नखरा नाही हं! ओल्या फरशीवर पाय घसरतात, आणि पाय रोवता आले नाहीत की कुत्रा घाबरतोच. त्यात त्याचं नाक भलतंच तिखट. आपल्याला 'फ्रेश' वाटणारा सुगंध त्याला उग्र वाटतो. म्हणून तर अंघोळ झाली रे झाली की साहेब मातीत लोळायला मोकळे!

गुड न्यूज म्हणजे, दर रविवारी हे युद्ध करायची गरजच नाही. पैठणला जायकवाडीसारखं धरण असूनही आपल्या शहरानं वर्षानुवर्षं नळाला पाणी येण्याची वाट बघितलीय. तेव्हा टँकरचं पाणी कुत्र्यावर कशाला ओता? आखूड केसांच्या, निरोगी कुत्र्याला महिन्या-दोन महिन्यांतून एक अंघोळ पुरते. सारखं धुतलं तर त्वचेवरचं तेल निघून जातं आणि खाज सुरू होते.

मग स्वच्छतेचं काय? ब्रश! ऑफिसमधून आल्यावर रोज दहा मिनिटं द्या. धूळ निघते, गळणारे केस सोफ्याऐवजी ब्रशवर येतात. फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्यानं पुसा. कानांमागे, बोटांच्या मधे आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. गोचिडांमुळे होणारा ताप जिवावर बेतू शकतो, आणि नुसत्या अंघोळीनं गोचीड जात नाहीत. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं औषधच हवं.

अंघोळीच्या दिवशी एवढं करा:

• आधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवा.
• पायाखाली रबरी मॅट किंवा जुनं गोणपाट टाका.
• कोमट पाणी पायांपासून वर घ्या. तोंडावर मग ओतू नका, ओलं फडकं फिरवा. कानात पाणी जाऊ देऊ नका.
• शाम्पू कुत्र्यांचाच. आपली त्वचा जास्त आम्लधर्मी, त्याची तेवढी नाही. फिनाईल किंवा घरातलं जंतुनाशक तर अजिबात नको.
• शाम्पू पूर्ण निघेपर्यंत धुवा, बोटांच्या मधेही कोरडं करा.
• मधूनमधून खाऊ द्या. ओरडू नका, पुढच्या वेळी तो लक्षात ठेवतो!

आणि एवढं करूनही दोन दिवसांत वास आला, तर शाम्पू बदलू नका. कान, दात किंवा त्वचेचं दुखणं असू शकतं. सरळ व्हेटकडे न्या.