अर्ज लिहायच्या पानावर चित्र

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये काढलेली चित्रं लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात गेली, हे पळस्पे फाट्यावरच्या डीटीपीवाल्याला सांगितलं, तर त्याने टायपिंगसुद्धा थांबवलं नाही.

"काका, वर्डात? चित्राला कोरल आहे की."

त्याच्या पडद्यावर कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र होतं आणि टेबलावर वारसनोंदीचा अर्ज रांगेत. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नपत्रिका, हळदीकुंकवाचं निमंत्रण ही कामं कोरलड्रॉची. वर्ड म्हणजे करारनामा आणि बायोडेटा. जगभरात असंच मानतात, आणि म्हणूनच ती चित्रं काढणाऱ्या ओसिनाचीची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पूर्ण नाव प्रिन्स जेकॉन ओसिनाची इग्वे. जन्म १९९१चा, वाढला नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या आबा शहरात. जोडे आणि कपडे शिवणाऱ्या कारागिरांचं हे शहर. १९२९ साली इंग्रजांच्या कराविरुद्ध इग्बो बायकांनी जो उठाव केला, त्याच्याशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. पोराला व्हायचं होतं लेखक. कथा-कविता हाताने लिहायच्या आणि सायबर कॅफेत जाऊन टाइप करायच्या, अशी त्याची वर्डशी ओळख झाली. टाइप करता करता तो मेन्यूतल्या इतर गोष्टी उघडून बघायला लागला. शब्दांच्या शेजारी आकार बसतात, आकारांत रंग भरतो, रंगावर नक्षी चढते. हळूहळू पानावरचे शब्द मागे पडले आणि माणसं दिसायला लागली.

हे खरंच जमतं का, ते डीटीपीवाल्याचं गिऱ्हाईक झेरॉक्सला गेलं तेवढ्यात आम्ही करून पाहिलं. इन्सर्ट, शेप्स, फ्रीफॉर्म. टिचक्या मारत गेलं की रेघ पुढे सरकते, शेवटचा बिंदू पहिल्याला टेकला की आकार मिटतो आणि आपोआप रंग भरला जातो. त्यावर माउसची उजवी टिचकी मारून 'एडिट पॉइंट्स' घेतलं की कडेने काळे ठिपके उमटतात. ठिपका धरला की दोन्ही बाजूंना बारीक दांड्या निघतात आणि दांडी वळवली की गाल गोल होतो. रंग भरायच्या कप्प्यात तर खजिनाच आहे: डेनिम, विणलेली चटई, अक्रोडाचं लाकूड, चक्क माशाचा जीवाश्म. रोज बारा तास वर्डसमोर बसणारा तो पोरगा म्हणाला, "च्यायला, हे इथे होतं?" त्याने एक कान काढला. बरा जमला होता. मग गिऱ्हाईक परत आलं.

कानापासून आख्ख्या माणसापर्यंत जायला किती ठिपके ओढावे लागत असतील! ओसिनाचीची माणसं गडद, जवळजवळ काळ्या त्वचेची. कपडे भडक आणि नक्षीदार. मागच्या भिंती सपाट रंगाच्या. ती खुर्चीत बसतात, आरशात बघतात, आपल्याकडे रोखून पाहतात. हत्यार मर्यादित असल्यामुळेच त्या चित्रांना कापडाचे तुकडे जोडल्यासारखा करकरीत कडा असलेला घाट आला, असं मला वाटतं. फोटोशॉप घेतलं असतं तर तो इतर हजारांसारखा दिसला असता.

न्सुक्का इथल्या नायजेरिया विद्यापीठात तो शिकला आणि तिथेच ग्रंथपालाची नोकरीही केली. हा योगायोग मला फार आवडतो, कारण याच विद्यापीठात घानाहून आलेले शिल्पकार एल अनात्सुई १९७५पासून शिकवत होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना गावाजवळ दारूच्या बाटल्यांच्या बुचांनी भरलेली एक टाकून दिलेली पिशवी सापडली. ती बुचं चपटी करून, तांब्याच्या तारेने गुंफून त्यांनी भिंतभर झळझळीत वस्त्रं केली, आणि २०१५ साली व्हेनिस बिएनालेने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. एकाला बुचं सापडली, दुसऱ्याला वर्ड. दोन्ही वस्तू सगळ्यांच्या समोरच पडलेल्या होत्या.

चित्रं झाली, पण घेणार कोण? गॅलऱ्यांना कॅनव्हास हवा, फ्रेम हवी. संगणकावरच्या चित्राची नक्कल आणि अस्सल यांत तसूभर फरक नसतो, मग पैसे कशाचे द्यायचे? २०१७च्या सुमारास या प्रश्नाचं उत्तर शोधताना ओसिनाचीला ब्लॉकचेन सापडली. तिच्यात चित्र कोणीही पाहू शकतं, पण मालक कोण याची नोंद सगळ्यांना दिसेल अशा वहीत होते. चित्राचा सातबाराच म्हणा ना. अशा नोंदीसाठीचा एनएफटी हा शब्द जगाच्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी तो त्या बाजारात उभा होता. २०२० साली झुरिकच्या केट व्हास गॅलरीत त्याचं 'एक्झिस्टन्स ॲज प्रोटेस्ट' हे प्रदर्शन झालं. समलिंगी विवाहाला २०१४पासून चौदा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या देशातला चित्रकार लिंगभाव आणि लैंगिकतेबद्दल बोलत होता. २०२१ साली आफ्रिकी छापाच्या कापडाचा टूटू घातलेल्या नर्तकाचं त्याचं चित्र सुमारे ८०,००० डॉलरना गेलं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात क्रिस्टीज. चित्रमालिकेचं नाव 'डिफरंट शेड्स ऑफ वॉटर'. तिच्यामागे होतं डेव्हिड हॉकनीचं १९७२चं प्रसिद्ध चित्र: पोहण्याचा तलाव, पाण्यात एक माणूस, काठावर गुलाबी कोटातला दुसरा. २०१८ साली हे चित्र नऊ कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं होतं. ओसिनाचीने तलाव ठेवला आणि माणसं आपली आणली.

यात विशेष काय, असं वाटेल. पण १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेतल्या कितीतरी गावांनी काळ्या माणसांना सोबत पोहू देण्यापेक्षा सार्वजनिक तलाव बंद करणं, बुजवणं पसंत केलं होतं. आपल्याला तर हे समजवायलाच नको. पळस्प्याला जो गोव्याचा रस्ता फुटतो, त्याच रस्त्यावर पुढे महाड लागतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते तिथेच. पाण्याच्या काठी कोणी उभं राहायचं, हा प्रश्न दोन्हीकडचा.

समीक्षक अशा कामाला सरसकट आफ्रोफ्युचरिझमच्या खात्यात टाकतात. मार्क डेरी या अमेरिकन समीक्षकाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द काढला. ज्यांचा भूतकाळच पुसून टाकला, त्यांना भविष्याची कल्पना कुठून करता येईल, हा त्याचा सवाल होता. उत्तरं त्याच्या आधीपासून येत होती: आपण शनी ग्रहावरून आलो असं सांगणारा जॅझ संगीतकार सन रा, कादंबरीकार ऑक्टेव्हिया बटलर. २०१८च्या 'ब्लॅक पँथर' चित्रपटाने हा विचार घरोघरी नेला. इग्बो आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या लेखिका न्नेडी ओकोराफोर यांनी मात्र २०१९ साली या शब्दापासून वेगळी चूल मांडली. त्यांचा आक्षेप असा की 'ब्लॅक पँथर'मधल्या वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचं पहिलं बाहेरचं ठाणं अमेरिकेतल्या ओकलंडला का, शेजारच्या आफ्रिकी देशात का नाही?

ओसिनाचीच्या चित्रांत यान नाही, चिलखत नाही. तरी मला तो याच घराण्यातला वाटतो. उद्याच्या चित्रात आपला माणूस निवांत बसलेला दाखवायचा, एवढंच तो करतो. आणि ते यानापेक्षा अवघड आहे.

खात्री करायची असेल तर पनवेल ते पळस्पे गाडीतून मान वर करून या. विमानतळ आला तसे होर्डिंगवर टॉवर उगवले. प्रत्येकात निळाशार तलाव, काठावर आरामखुर्च्या, आणि त्यांत गोरीपान, सडपातळ माणसं. शिरढोणची आगरी बाई नाही, कर्नाळ्याच्या पायथ्याचा कातकरी नाही, कंटेनर यार्डातला ड्रायव्हर नाही. यात बिल्डरचा डाव असेलच असं नाही. माणसांचे कटआउट तयार मिळतात, डिझायनर ते चिकटवतो. 'स्काल्गुब्बर' नावाचा असा एक संग्रह स्वीडनमधून आला आणि जगभरच्या आराखड्यांत तीच उत्तर युरोपीय माणसं हिंडू लागली. उत्तरादाखल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'नॉनस्कँडिनेव्हिया' हा निराळ्या वर्णांच्या माणसांचा संग्रह केला आणि फुकट वापरायला ठेवला.

२०२२ साली एनएफटीचा बाजार कोसळला. त्या चित्रांची किंमत टिकेल की नाही, याची काळजी घेणाऱ्यांनी करावी. पनवेलच्या तलावाकाठी पनवेलची माणसं बसवायला मात्र ना ब्लॉकचेन लागते ना महागडं सॉफ्टवेअर. फोटोतल्या माणसाची मागची भिंत काढून टाकायची सोयही वर्डमध्येच आहे: पिक्चर फॉरमॅट, रिमूव्ह बॅकग्राउंड.